चीनमधली नवी वस्ती: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नोकरी, शिक्षण किंवा व्यापारासाठी चीनमध्ये राहायला गेलेल्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. विषय एकच: घर मिळालं, सामान लागलं, आता दाराबाहेरची वस्ती ओळखीची कशी करून घ्यायची? चिनी शब्द देवनागरीत शक्य तितके जवळचे दिले आहेत, पण उच्चारातले चढउतार लिहून दाखवता येत नाहीत. त्यामुळे महत्त्वाचे शब्द आणि वाक्यं ऑफिसमधल्या किंवा शेजारच्या कोणाकडून चिनी अक्षरांत टाइप करून फोनमध्ये ठेवा. बोलून झालं नाही तर दाखवता येतं.

प्रश्न: कंपनीने सोसायटीत फ्लॅट दिला आहे. पत्ता दोन ओळींचा आणि त्यात आकडेच आकडे. टॅक्सी दर वेळी वेगळ्याच ठिकाणी सोडते आणि मग कुंपणाच्या कडेकडेने बरंच चालावं लागतं. हा पत्ता वाचायचा कसा? (हांगझोऊ)

चिनी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो. आधी शहर, मग जिल्हा, मग रस्ता आणि त्यावरचा क्रमांक, मग सोसायटीचं नाव, इमारत, युनिट आणि शेवटी खोली. सोसायटीला तिथे ‘श्याओछू’ म्हणतात. आपल्याकडच्या मोठ्या गृहसंकुलासारखीच ती असते: कुंपण, वॉचमन, आत बागा आणि सारख्या दिसणाऱ्या दहा-वीस इमारती.

इमारतीच्या आकड्यानंतर बहुधा ‘लोऊ’ किंवा ‘च्वांग’ येतं, जिन्याच्या आकड्यानंतर ‘दानयुएन’. हे दानयुएन दुर्लक्षित राहतं आणि तिथेच माणसं अडकतात. एकाच इमारतीचे दोन दानयुएन बहुधा आतून जोडलेले नसतात. दुसऱ्या दानयुएनच्या लिफ्टने बाराव्या मजल्यावर पोचलात तरी तिसऱ्यातल्या घरी जाता येत नाही, पुन्हा खाली उतरावं लागतं. खोलीच्या क्रमांकात आधी मजला असतो: १२०३ म्हणजे बारावा मजला, तिसरं घर. आणि तळमजला तिथे ‘पहिला’ मोजतात. म्हणजे आपला तिसरा मजला तो त्यांचा चौथा. काही इमारतींत मात्र चौथा आणि चौदावा मजला लिफ्टच्या बटणांत सापडत नाही, कारण चारचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाशी मिळताजुळता आहे. तेव्हा मजले बाहेरून मोजू नका, आकड्यावर विश्वास ठेवा.

शांघायमध्ये पद्धत थोडी निराळी आहे. तिथे रस्त्याच्या नावानंतर गल्लीचा आकडा आणि ‘नोंग’, मग ‘हाओ’ म्हणजे इमारत. इतर बऱ्याच शहरांत ‘हाओ’ हा रस्त्यावरचा क्रमांक असतो. बीजिंगचा पत्ता समजायला लागलेला माणूस शांघायला बदली झाल्यावर पहिला आठवडा हमखास चुकतो तो इथे.

आता टॅक्सीचं. ॲपला नुसतं सोसायटीचं नाव दिलं की खूण बहुधा संकुलाच्या मधोमध पडते. ॲप मग गाडीला तिथून जवळ पडणाऱ्या रस्त्यावर नेतं, आणि त्या बाजूला फाटक नसून नुसती भिंत असू शकते. उपाय म्हणजे फाटक हेच ठिकाण म्हणून द्यायचं. फाटकांची नावं दिशांवरून असतात: दक्षिणेचं नानमन, उत्तरेचं बेइमन, पूर्वेचं दोंगमन, पश्चिमेचं शीमन. गाओद किंवा बायडू नकाशात प्रत्येक फाटक बहुधा स्वतंत्र ठिकाण म्हणून नोंदलेलं असतं. दीदी या टॅक्सीच्या ॲपवरून गाडी मागवतानाही तेच निवडा. गाडीत बसल्यावर चालक फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. ते चार आकडे चिनीत पाठ करून टाका, रोज लागतात.

पहिल्या सुटीच्या दिवशी आतल्या बागेत फिरण्याऐवजी संकुलाला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. प्रत्येक फाटकापाशी थांबून पाहा: माणसांसाठी आहे की फक्त गाड्यांसाठी? रात्री बंद होतं का, किती वाजता? आत यायला कार्ड लागतं, फोन की चेहरा? समोरच्या बसथांब्याचं नाव काय? हे नकाशात खूण करून ठेवलंत की अर्धी वस्ती समजली. चेहरा नोंदवायचा नसेल तर सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे ‘ऊये’मध्ये, कार्ड मागा. १ जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चेहरा देण्यास नकार देणाऱ्याला ओळख पटवण्याचा दुसरा सोयीचा मार्ग द्यावा लागतो.

मेट्रोची दारंही याच कारणासाठी पाठ हवीत. बीजिंगमध्ये त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात आणि बहुतेक स्थानकांत ए वायव्येला, बी ईशान्येला, सी आग्नेयेला, डी नैर्ऋत्येला निघतं. शांघायमध्ये आकडे असतात. मोठ्या चौकात चुकीच्या दारातून वर आलात तर समोर दिसणाऱ्या घरासाठीही दुभाजकाच्या जाळीला वळसा घालून जावं लागतं.

प्रश्न: आधी हॉटेलात होतो, तिथे पासपोर्ट दाखवला होता. आता भाड्याच्या घरात आलो. घरमालक म्हणतो, पोलिसांकडे जायची काही गरज नाही. खरं काय? (ग्वांगझू)

गरज आहे, आणि ती घरमालकाच्या मतावर अवलंबून नाही. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाने किंवा त्याला ठेवून घेणाऱ्याने २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस चौकीत नोंद करायची असते. हॉटेलात ती हॉटेलच करतं, म्हणून कळत नाही. नोंद केली नाही तर ताकीद मिळते आणि २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. त्याहून मोठी अडचण पुढे येते: निवास परवान्याच्या अर्जाला नोंदीचा कागद लागतो. कामाच्या झेड किंवा शिक्षणाच्या एक्स१ व्हिसावर आलेल्यांना देशात आल्यापासून ३० दिवसांत तो अर्ज करायचा असतो. नोंद रखडली की तो हिशोब कोलमडतो.

चौकीला ‘पाइछूसुओ’ म्हणतात. जवळची कोणतीही चालत नाही, तुमच्या पत्त्याची हद्द जिच्याकडे आहे तीच लागते. ऊये किंवा वॉचमन ती सांगतो. न्यायचं काय? मूळ पासपोर्ट, त्यातल्या फोटोच्या, व्हिसाच्या आणि शेवटच्या प्रवेशशिक्क्याच्या पानांच्या प्रती, भाडेकरार, घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या मालकीच्या दाखल्याची प्रत. शेवटच्या दोन गोष्टींवर गाडी अडते. त्या करारावर सही करतानाच मागून घ्या. पैसे हातात पडल्यावर घरमालकाला आठवण करून देत बसावं लागतं. काही चौक्या घरमालकाला सोबत आणायला सांगतात, काही त्याच्याशी फोनवर बोलून काम भागवतात. दुपारी जेवणाच्या वेळी खिडकी बंद असू शकते, तेव्हा सकाळी जा. शांघायसारख्या शहरांत ही नोंद ऑनलाइनही होते.

मिळालेल्या कागदावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि पत्ता तिथेच अक्षर अक्षर तपासा, फोटो काढा आणि मूळ कागद जपून ठेवा. घर बदललं, नवा पासपोर्ट मिळाला किंवा व्हिसाचा निवास परवाना झाला की नोंद पुन्हा. भारतात जाऊन त्याच घरी परत आल्यावर काय करायचं, हे शहरागणिक बदलतं. पहिल्याच भेटीत विचारून घ्या. पत्नी, मुलं, पाहुणे म्हणून आलेले आईवडील, प्रत्येकाची नोंद वेगळी. शंका असेल तर राष्ट्रीय इमिग्रेशन प्रशासनाची १२३६७ ही दूरध्वनी सेवा आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं.

आणखी एक: सोळा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट किंवा निवास परवाना जवळ बाळगावा असं हाच कायदा म्हणतो. कोपऱ्यावर भाजी आणायला जाताना कोणी नेत नाही, पण मेट्रोने दुसऱ्या टोकाला जाणार असाल तर न्या.

प्रश्न: गूगलचा नकाशा मला चक्क नदीत उभा दाखवतो. फोन बिघडला आहे का? (चोंगचिंग)

फोन ठीक आहे. चीनमध्ये नकाशांसाठी जगभरच्या जीपीएसपेक्षा वेगळी, मुद्दाम सरकवलेली निर्देशांक पद्धत कायद्याने वापरावी लागते. तिचं नाव जीसीजे-०२. त्यामुळे मूळ जीपीएसचा बिंदू चिनी रस्त्यांवर ठेवला की तो काहीशे मीटर बाजूला पडू शकतो. बायडूने त्यावर आणखी एक सरकवणूक केली आहे. म्हणून एका ॲपमधले अक्षांश-रेखांश दुसऱ्यात चिकटवू नका, ठिकाणाचं चिनी नाव चिकटवा. गूगलच्या सेवा तिथे तशाही साध्या जोडणीवर उघडत नाहीत. आयफोन असेल तर त्याचा स्वतःचा नकाशा चीनमध्ये गाओदची माहिती वापरतो, तो बऱ्यापैकी चालतो. बस किती मिनिटांवर आहे, मेट्रोचं कोणतं दार जवळ, हे बघायला थेट गाओद बरा.

चोंगचिंगमध्ये मात्र कोणताही नकाशा घ्या, तो सपाट असतो आणि शहर डोंगरावर आहे. पन्नास मीटरवर दाखवलेलं दुकान दहा मजले वरच्या रस्त्यावर असू शकतं. तिथे चालण्याचा मार्ग काढताना अंतराऐवजी वेळ बघा, आणि मार्गात जिना किंवा लिफ्टची खूण आहे का तेही.

भारतातून निघण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये वीचॅट (संदेशांचं आणि पैसे देण्याचं ॲप) आणि बायडूचा नकाशा होते. भारतातल्या स्टोअरमधून ती मिळत नाहीत. चीनमध्ये पोचल्यावर अँड्रॉइडवाल्यांना गूगलचं स्टोअर उघडत नाही, तेव्हा फोन कंपनीचं चिनी स्टोअर किंवा ॲपचं अधिकृत संकेतस्थळ वापरा. आयफोनवाल्यांना स्टोअरचा देश बदलावा लागतो. वीचॅटचं नवं खातं उघडताना आधीपासून वापरणाऱ्या कोणाकडून तरी कोड स्कॅन करून खात्री द्यावी लागू शकते. ऑफिसातल्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी गाठा.

प्रश्न: आलीपे या पैसे देण्याच्या ॲपमध्ये भारतीय कार्ड जोडलं. मॉलमध्ये चालतं, पण कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे चालत नाही. असं का? (सूझोऊ)

कारण दोघांचे कोड वेगळ्या जातीचे आहेत. परदेशी कार्डाने दुकानाच्या व्यापारी खात्यात पैसे जातात, पण एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवता येत नाहीत. लहान विक्रेत्याने स्वतःच्या खासगी खात्याचा कोड टांगलेला असेल तर तुमचा व्यवहार परत फिरतो. तिला वीचॅटचा आणि आलीपेचा, दोन्ही कोड दाखवायला सांगा, कधी कधी त्यातला एक व्यापारी असतो. नाहीतर रोख द्या. १, ५, १० आणि २० युआनच्या नोटा पिशवीत असू द्या. रोख नाकारणं नियमाविरुद्ध आहे, पण सकाळी सात वाजता शंभराची नोट पुढे केलीत तर सुटे नसणार, त्याला नियम काय करणार!

२०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर परदेशी कार्डाला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतं. मोठी खरेदी असेल तर हे लक्षात असू द्या. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असलेलं बरं. यूपीआय तिथल्या कोडवर चालत नाही. भारतीय बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं सुरू करावी लागतात, ती मुळात बंद असू शकतात. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. ते विसरून इथे अडकलेल्यांची संख्या कमी नसावी.

नावाचाही घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. सिम घेताना एका दुकानाने आडनाव आधी लिहिलं, बँकेने शेवटी, आणि ॲपमध्ये तुम्ही मधलं नाव गाळलं, तर तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. मोकळी जागासुद्धा मोजली जाते. पहिलं सिम घेताना पडद्यावर नाव कसं टाइप केलं त्याचा फोटो घ्या आणि पुढे सगळीकडे तसंच द्या.

रक्कम देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत तुम्ही दुकानाचा कोड स्कॅन करून आकडा टाकता, दुसरीत दुकानदार तुमच्या फोनवरचा कोड वाचतो. हा दुसरा कोड म्हणजे उघडं पाकीट. त्याचा फोटो कोणाला पाठवू नका.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. वस्तीत खाण्याची दुकानं भरपूर, पण काय मागवावं कळत नाही. मंडईत तरी काय मिळेल? (चेंगडू)

‘वो छी सू’ म्हणजे मी शाकाहारी खातो. हे वाक्य आवश्यक आहे, पुरेसं नाही. समोरचा भाजीची डिश सुचवेल आणि ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा हाडांच्या रश्श्यात शिजलेली असेल. त्याच्या दृष्टीने ती भाजीच. म्हणून नको असलेल्या वस्तूंची यादी चिनी अक्षरांत फोनवर ठेवा: मांस, खिमा, डुकराची चरबी, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस, सुका जवळा, हाडांचं सूप. चिकन पावडरीला ‘जीजिंग’ म्हणतात आणि तिच्यात कोंबडीचा अंश असतो. ‘वेइजिंग’ म्हणजे अजिनोमोटो, ते प्राणिज नाही. बरेच जण वेइजिंग नको म्हणून निश्चिंत होतात आणि जीजिंग पोटात जाते.

नेहमीच्या हॉटेलात तुलनेने सोपे पदार्थ: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीचं ‘दी सान श्येन’, बटाट्याच्या किसाचं आंबट-तिखट ‘स्वानला थूदोउ स’, आणि अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं. फसवणारे पदार्थ: कोरड्या परतलेल्या फरसबीच्या शेंगा (खिमा असतो), मापो टोफू (खिमा असतो) आणि हाताने फाडलेली कोबी (डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात). ही नावं चेंगडूत तर दर दुसऱ्या मेनूवर दिसतील. आपण भाज्या निवडून वजनावर पैसे देतो ती ‘मालाथांग’ची दुकानं शाकाहारी वाटतात, पण रस्सा बहुधा हाडांचा असतो.

हिरव्या पाटीने मात्र फसू नका. भारतात हिरवा ठिपका शाकाहाराचा, तर चीनमध्ये हिरवी पाटी पुष्कळदा ‘छिंगजन’ची, म्हणजे हलालची. लानझोऊ नूडल्सच्या दुकानावर ती असते आणि तिथला रस्सा गोमांसाचा असतो.

खात्रीचं जेवण हवं असेल तर नकाशात ‘सूशी’ (म्हणजे शाकाहारी जेवण, जपानी सुशी नव्हे) शोधा. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळी मोठ्या देवळांच्या आसपास सापडतात. तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळं मात्र चालतात, तेव्हा जैन वाचकांनी तेवढं विचारून घ्यावं. मेनूवर ‘मासा’ आणि ‘बदक’ दिसलं तर दचकू नका, ते सोया किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे असतात.

मंडईला ‘छाइशरछांग’ म्हणतात. सकाळी लवकर गेलात तर माल ताजा आणि विक्रेते बोलक्या मूडमध्ये. दुपारी काही जण गाळ्यामागे डुलकी काढतात. भाव ‘जिन’चा असतो. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम, आणि त्याचा दहावा भाग ‘ल्यांग’ म्हणजे ५० ग्रॅम. पाटीवरचा आकडा किलोचा समजून घेतलात तर सगळं स्वस्त वाटेल आणि बिल दुप्पट येईल. बोलताना युआनला ‘ख्वाय’ म्हणतात, त्याच्या दहाव्या भागाला ‘माओ’. चार (स) आणि दहा (शर) कानाला सारखे वाटतात, दक्षिणेकडे तर फारच. विक्रेत्याला बोटांनी दाखवायला सांगा. एक ते दहा एका हातावर दाखवतात: अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. वजनाबद्दल शंका असेल तर पुष्कळ मंडयांत सर्वांसाठी ठेवलेला वजनकाटा असतो, तिथे जाऊन तोला. कोणाला राग येत नाही. सुपरमार्केटमध्ये सुटी भाजी आधी वजनाच्या टेबलावर नेऊन किमतीची चिकटपट्टी लावून घ्यावी लागते, थेट कॅशवर नेली तर परत पाठवतात.

ओळखीच्या भाज्या भरपूर आहेत: कारलं (खूग्वा), दोडका (सग्वा), पालक (बोत्साय), कोथिंबीर (श्यांगत्साय), आलं (शंगज्यांग), चवळीच्या लांब शेंगा (दोउज्याओ). सालीसकट हिरवे मूग म्हणजे ‘ल्यूदोउ’ कुठेही मिळतात. जिरं ‘झरान’ या नावाने मिळतं, कारण वायव्येकडच्या भाजलेल्या मांसावर तेच लागतं. तूरडाळ, कढीपत्ता यांच्यासाठी मात्र ऑनलाइन किंवा यीवू, ख्यछ्याओसारख्या भारतीय व्यापाऱ्यांच्या ठिकाणांकडे बघावं लागतं. चेंगडूत जिभेला मुंग्या आणणारा मसाला म्हणजे ‘ह्वाज्याओ’. आपल्या कोकणातलं तिरफळ त्याच्याच कुळातलं आहे. तेव्हा कोकणी स्वयंपाकघराला तो परका वाटायला नको.

दही विकत घेताना डब्यावर ‘बिनसाखर’ लिहिलेलं आहे का बघा, बहुतेक दही गोड असतं. पनीर करायचं तर फ्रीजमधलं ताजं दूध घ्या. बाहेर फळीवर ठेवलेलं पाकीटबंद दूध अतिउच्च तापमानाला तापवलेलं असतं, त्याचा चोथा नीट धरत नाही.

प्रश्न: कचराकुंडीपाशी रोज एक आजी मला थांबवून पिशवी उघडायला लावतात. त्यांना काय हवं आहे? (शांघाय)

तुम्ही ओला-सुका वेगळा केला आहे की नाही ते. शांघायमध्ये १ जुलै २०१९ पासून वर्गीकरण सक्तीचं आहे आणि चुकीच्या वर्गीकरणाला व्यक्तीला ५० ते २०० युआन दंड होऊ शकतो. तपकिरी डबा ओल्याचा, काळा सुक्याचा, निळा पुनर्वापराचा, लाल घातक वस्तूंचा. ओला कचरा डब्यात ओतायचा आणि रिकामी प्लॅस्टिक पिशवी काळ्या डब्यात टाकायची. आजी नेमक्या यावरच अडवत असाव्यात. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा ओल्यात. नारळाची करवंटी आणि मोठी हाडं सुक्यात, कारण ती दळली जात नाहीत. वापरलेला टिश्यू पेपरही सुक्यात. मुदत संपलेली औषधं लाल डब्यात. पुष्कळ सोसायट्यांत कुंडी सकाळ-संध्याकाळ ठरावीक तासांतच उघडते, वेळ फलकावर असते. बीजिंगला गेलात तर रंग बदलतात: स्वयंपाकघराचा कचरा हिरव्यात, इतर करड्यात.

त्या आजींशी मात्र संबंध चांगले ठेवा. पाणी कधी जाणार, प्लंबर कुठला बरा, कोणतं फाटक उद्या बंद, हे ऊयेच्या आधी त्यांना माहीत असतं.

प्रश्न: आईवडील तीन महिन्यांसाठी येणार आहेत. आम्ही दिवसभर ऑफिसात. त्यांना एकटं फिरता येईल का? (शेनझेन)

येईल. रस्ता ओलांडणं आधी शिकवा. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून पहिली नजर डावीकडे. आयुष्यभर उजवीकडे बघायची सवय असलेल्या माणसाला हे सांगून भागत नाही, चार-पाच दिवस सोबत चालून दाखवावं लागतं. माणसांचा दिवा हिरवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतात. विजेवरच्या दुचाकी आवाज करत नाहीत आणि फुटपाथवरून, उलट दिशेनेही येतात.

गळ्यात किंवा खिशात एक कार्ड द्या. त्यावर चिनी अक्षरांत सोसायटीचं नाव, फाटक, इमारत, दानयुएन, खोली, तुमचा चिनी मोबाइल नंबर, त्यांचे आजार, औषधांची नावं आणि रक्तगट. वॉचमनशी त्यांची ओळख करून द्या. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९. पण १२० वर चिनीत पत्ता सांगावा लागतो, तेव्हा आईवडिलांनी फोन लावण्यापेक्षा वॉचमनला कार्ड दाखवणं लवकर होतं. जवळचं सामुदायिक आरोग्य केंद्र आणि मोठं रुग्णालय, दोन्ही नकाशात खूण करून ठेवा. रुग्णालयात आधी नोंदणी (ग्वाहाओ) करून पैसे भरायचे आणि मगच डॉक्टर. पासपोर्ट लागतो.

वेळ घालवायला बाग उत्तम. बहुतेक सार्वजनिक बागा विनामूल्य असतात. सकाळी ताय-ची, दुपारी पत्ते आणि चिनी बुद्धिबळ, संध्याकाळी मोकळ्या चौकात बायकांचे सामूहिक नाच. मागच्या रांगेत उभं राहून हातपाय हलवले तरी कोणी हटकत नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आणि फुकट आहेत, पण कागद आणि हात धुवायचा साबण स्वतःचा न्या. भारतीय पद्धतीची बैठक बहुतेक ठिकाणी असते, गुडघे दुखणाऱ्यांनी मॉल किंवा मेट्रोतलं अपंगांसाठीचं स्वच्छतागृह शोधावं.

आणि त्यांची २४ तासांतली पोलीस नोंद, ती विसरू नका.

प्रश्न: आमच्या शहरात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे असं ऐकलं. टॅक्सीवाल्याला ‘कोटणीस’ म्हणून काही कळलं नाही. (शिज्याझुआंग)

कळणार नाही. चीनमध्ये त्यांना ‘ख दीह्वा’ या नावाने ओळखतात. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातच वारले. त्यांची समाधी शिज्याझुआंगच्या उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत आहे, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीच्या आवारातच. बेथूनना तिथे ‘बाय छ्यूएन’ म्हणतात. नकाशात या चिनी नावांनी शोधा. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याच्या सणाच्या, दिवसांत शाळांच्या रांगा लागतात, तेव्हा निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

प्रश्न: भाड्याची सायकल घरापाशी सोडली तर जादा पैसे कापले गेले. (नानजिंग)

आखलेल्या चौकटीबाहेर ठेवली असणार. मेइथ्वानची पिवळी, हॅलोची निळी, छिंगजूची हिरवी, तिन्हींच्या ॲपमध्ये उभी करायच्या जागा दिसतात. बाहेर सोडली की उचलून नेण्याचा खर्च लागतो, आणि सोसायटीच्या आत तर नेऊच नका. कुलूप लावल्यावर फोनवर ‘प्रवास संपला’ दिसेपर्यंत हलू नका, नाहीतर भाडं चालूच राहतं. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून बघा. बसायची गादी उलटी फिरवलेली दिसली तर ती सायकल बिघडलेली आहे, कोणीतरी तुमच्यासाठी खूण ठेवली आहे. पासपोर्टवरून ओळख पटायला वेळ लागू शकतो, तेव्हा गरज पडण्याच्या आधीच ती नोंद करून ठेवा.

प्रश्न: पार्सल ‘पोचलं’ असं ॲप सांगतं, पण दारात काहीच नाही. (वूहान)

दारात येतंच असं नाही. सोसायटीच्या फाटकापाशी कपाटांची रांग किंवा पार्सलचं दुकान असतं, तिथे ते ठेवतात आणि फोनवर कोड येतो. कपाटाचा असेल तर तो पडद्यावर टाइप करायचा, दार उघडतं. दुकानाचा असेल तर मध्ये आडव्या रेघा असलेले आकडे असतात: आधी फळ्यांचा रॅक, मग कप्पा, शेवटी पार्सलचा क्रमांक. स्वतः शोधून काढायचं आणि दाराजवळच्या यंत्राखाली धरायचं. कपाटात ते फार वेळ पडून राहिलं तर थोडं भाडं लागतं. नेमकी जागा कळत नसेल तर त्या संदेशाचं भाषांतर करून वाचा, पत्ता त्यातच असतो. घरीच हवं असेल तर मागवताना पत्त्यापुढे चिनीत ‘दारापर्यंत आणा’ असं लिहा. काही जण ऐकतात.